छिद्रपट : बॉबिन-लेसचीं अक्षररहित हस्तलिखितें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, बखरी व दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. या सर्वांत अक्षर असतें, निदान मुद्रा किंवा चित्र तरी असतें. परंतु जिच्यावर बहुधा एकही अक्षर नाहीं, केवळ टांचणीनें पाडलेलीं बारीक भोंकें आहेत, अशी चर्मपत्राची पट्टी एखाद्या संग्राहकाच्या हातीं आली तर तो तिला साधन म्हणेल काय? युरोपांतील संग्रहांत अशा पट्ट्या पुष्कळ आहेत, व त्यांच्या आधारानें तेथील एका मोठ्या हस्तोद्योगाचा इतिहास जुळविला गेला आहे. त्या पट्ट्या कशा वाचावयाच्या, आणि वाचणारे विरळ झाल्यावर त्या पुन्हां वाचत्या कोणीं केल्या, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय परदेशचा असला तरी त्यांतील प्रश्न आपल्या मंडळींच्या नित्य परिचयाचा आहे, हें शेवटीं दिसून येईल.

१. प्रथम कृति सांगितली पाहिजे. लेस म्हणजे वस्त्राच्या किनारीस लावतात ती जाळीदार पट्टी. हातानें होणाऱ्या लेसचे मुख्य प्रकार दोन : एक सुईनें केलेली व दुसरी बॉबिनवर विणलेली. येथें दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे. तिला माग लागत नाहीं व धोटाही लागत नाहीं. पेंढा ठासून भरलेली एक कठीण उशी, तिच्यावर बसविलेली सच्छिद्र पट्टी, पितळी टांचण्या, जवसाच्या तंतूंचें बारीक सूत, आणि तें सूत गुंडाळण्यासाठीं लांकडाच्या किंवा हाडाच्या लहान काड्या, एवढीच सामग्री. या काड्यांस बॉबिन म्हणतात. आपल्या कोष्ट्याच्या धोट्यांत सूत भरून ठेवतात तिला कांडी हा शब्द आहे. म्हणून पुढें सोयीसाठीं कांडी असेंच म्हटलें आहे. त्या छिद्रयुक्त पट्टीस छिद्रपट हें नांव प्रस्तुत लेखकानें योजिलें आहे.

कांड्या नेहमीं जोडीजोडीनें चालतात. दोन जोड्या, म्हणजे चार धागे, हातीं घेतले कीं क्रिया दोनच. मधल्या दोन धाग्यांपैकीं डावा उजव्यावरून नेणें ही ओलांडणी. आणि प्रत्येक जोडींतला उजवा धागा डाव्यावरून नेणें हा पीळ. ओलांडणी, पीळ, ओलांडणी असा क्रम ठेविला म्हणजे कापडासारखी दाट वीण होते. ओलांडणी व पीळ एवढ्यावरच थांबलें म्हणजे विरळ जाळी पडते. दोन्ही क्रिया दोनदां केल्या म्हणजे पूर्ण टांका होतो. छिद्रपटावरील प्रत्येक छिद्रांत एक टांचणी रोंवावयाची; ती वीण घट्ट होईपर्यंत धागे जागच्या जागीं धरून ठेवते. गोफ विणण्याचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं प्रत्येक गडी म्हणजे एक कांडी अशी कल्पना करावी. पन्नास, शंभर किंवा त्याहूनही अधिक कांड्या एका उशीवर असतात, तरी क्रिया दोनाच्या तीन होत नाहींत. लघु व गुरु या दोन खुणांच्या प्रस्तारांतून छंदःशास्त्रानें किती वृत्तें उभीं केलीं हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें नवल वाटूं नये.

२. या कलेचें जन्मस्थान म्हणून इटली व फ्लँडर्स या दोन्ही प्रांतांचीं नांवें घेतलीं जातात. छापील पुरावा सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मिळूं लागतो. व्हेनिस येथें १५५७ सालीं सेसा बंधूंनीं ‘ले पोम्पे’ नांवाचें नमुन्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. केवळ कांड्यांच्या लेसकरितां छापलेलें ज्ञात असें हें पहिलें पुस्तक होय. त्यानंतर सुमारें १५६१ सालीं झुरिच येथें फ्रोशाउएर याच्या छापखान्यांतून ‘न्यू मोडेलबूख’ निघालें. त्याची कर्ती एक स्त्री असून तिनें आपलें नांव आर. एम. या आद्याक्षरांपलीकडे दिलेलें नाहीं. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं ही कला १५३६ सालीं आपल्या देशांत आणिली असें ती सांगते. कोणत्याही कलेच्या स्थलांतराचें साल तीच कला शिकविणाऱ्या व्यक्तीनें स्वतः नोंदून ठेवावें, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

पुढील शतकांत लेस हा राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय झाला. इंग्लंडांत १६६२ सालीं परकी लेसच्या आयातीस कायद्यानें बंदी झाली. फ्रान्समध्यें कोल्बेर यानें १६६५ सालीं राजाश्रयानें लेसचे कारखाने काढविले. दोहोंचेंही कारण एकच, कीं परदेशांत जाणारा पैसा थांबावा. याच सुमारास, म्हणजे १६६९-७० च्या आसपास, डच चित्रकार व्हर्मेर यानें उशीवर वांकून कांड्या चालविणाऱ्या एका तरुणीचें लहानसें चित्र काढलें. तें पॅरिस येथील लूव्र संग्रहांत आहे.

३. आतां मुख्य विषयाकडे वळूं. इंग्लंडच्या बकिंगहॅम, बेडफोर्ड व नॉर्दॅम्प्टन या परगण्यांत हा धंदा घरोघर चालत असे. बायका व लहान मुलें तो करीत. मुलांना पांचव्या सहाव्या वर्षापासून लेसशाळेंत बसवीत, आणि टांचण्यांची मोजदाद राहावी म्हणून त्यांच्याकडून तालावर गाणीं म्हणवून घेत. रात्रीं एका मेणबत्तीभोंवतीं पाण्यानें भरलेले कांचेचे गोळे मांडीत, व त्या गोळ्यांतून एकवटलेला प्रकाश प्रत्येकीच्या उशीवर पाडीत. माल विकत घेणारा व्यापारी बहुधा छिद्रपटही पुरवीत असे. म्हणून नमुना एकाचा व हात दुसऱ्याचा अशी स्थिति होती.

अशा छिद्रपटावर काय असतें? टांचण्यांचीं छिद्रें असतात. क्वचित् जाड धाग्याचा मार्ग दाखविणारी शाईची रेषा असते. त्याहून क्वचित् कोणाचें नांव किंवा साल असतें. कोणती जोडी कोठून कोठें जावयाची, कोठें दाट वीण व कोठें विरळ, हें बहुधा लिहिलेलें नसतें. तें कारागिराच्या हातांत असे. ‘ले पोम्पे’ या छापील ग्रंथांतही आकृत्या आहेत, कृति नाहीं. सूत्र शिल्लक राहावें व भाष्य मुखोद्गतच असावें, तसा हा प्रकार आहे.

हस्तलिखितांचे सर्व गुणदोष या पटांत आढळतात. नवा पट करावयाचा म्हणजे जुना त्यावर ठेवून त्याच छिद्रांतून सुई टोंचावयाची, किंवा जुन्यावर कागद ठेवून मेणानें घासून ठसा घ्यावयाचा. प्रत्येक प्रतींत छिद्र केसभर सरकतें. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हां प्रत असें झालें म्हणजे सरळ रांग वांकडी होते, एखादें छिद्र गळतें, एखादें अधिक पडतें. लेखकप्रमाद म्हणून आपण ज्यास म्हणतों तो हाच. शाईच्या जागीं सुई आहे, इतकाच भेद.

खुद्द कांड्याही वाचण्यासारख्या आहेत. या परगण्यांतील कांड्यांच्या टोंकास वजनासाठीं कांचेच्या मण्यांचें वळें लावीत, आणि हाडाच्या कांड्यांवर टिंबाटिंबांनीं अक्षरें कोरून रंगवीत. त्यांवर बाळाचें नांव, प्रियकराचें नांव, एखादें आर्जव, जन्ममृत्यूचें साल असे लेख सांपडतात. बेडफोर्ड येथें झालेल्या फांशीच्या शिक्षांच्या स्मरणार्थ कोरलेल्या कांड्याही आहेत. जोसेफ कॅसल १८६० व विल्यम वर्स्ली १८६८ हीं नांवें त्यांवर वाचावयास मिळतात. ज्या वर्गानें बखर लिहिली नाहीं व ज्याविषयीं बखरकारानेंही लिहिलें नाहीं, त्याचे हे कोरीव लेख होत. उलट डेव्हन प्रांतांतील होनिटन लेसच्या कांड्या गुळगुळीत, निमुळत्या व मण्यांवांचून असतात. कारण तेथें तयार भागाच्या कडेंतून धाग्याचा फांसा ओढून त्यांतून कांडी पार करावी लागते, व मणी असल्यास तो अडकेल. साधनाच्या आकारावरून पद्धति कळते ती अशी.

४. या धंद्यास उतरती कळा कशी लागली हें थोडक्यांत सांगतां येईल. जॉन हीथकोट यानें १८०८ व १८०९ सालीं जाळी विणणाऱ्या यंत्राचीं एकस्वें घेतलीं. १८१६ च्या जून महिन्यांत लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर रात्रीं हल्ला होऊन ५५ यंत्रें फोडलीं गेलीं; तेव्हां त्यानें आपला कारखाना डेव्हनमधील टिव्हर्टन येथें नेला. १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या विवाहवस्त्राची लेस डेव्हनमधील बीअर या खेड्यांत हातानें करविण्यांत आली. तथापि राजाश्रयाच्या अशा एकदोन प्रसंगांनीं धंदा तरत नाहीं. पुढें १८६७ चा कारागृहांतील नव्हे, तर कारागिरांच्या लहान कामघरांविषयींचा कायदा व १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांमुळें लेसशाळा ओस पडल्या. मुलांच्या दृष्टीनें हें इष्टच झालें, याविषयीं शिक्षकाचा धंदा केलेल्या मनुष्यास शंका येणार नाहीं. परंतु त्याबरोबर छिद्रपट वाचण्याचें शिक्षणही संपलें. पट पेट्यांत राहिले व वाचणाऱ्या म्हाताऱ्या एकामागून एक गेल्या.

५. जें धंद्यानें टाकलें तें छंदानें उचललें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड, बेल्जम, हॉलंड इत्यादि देशांत पोटासाठीं नव्हे तर फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून ही कला शिकणारांची संख्या वाढली. १९७६ सालीं इंग्लंडांत ‘लेस गिल्ड’ ही संस्था निघाली व १९८२ सालीं ‘ओइडफा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. स्लोव्हेनियांत इद्रिया येथील लेसशाळा १८७६ पासून चालू आहे, आणि तेथील कांड्यांच्या लेसची कला २०१८ सालीं युनेस्कोच्या यादींत समाविष्ट झाली.

या छांदिष्ट मंडळींनीं केलेलें काम संशोधकाच्या मोलाचें आहे. त्यांनीं सरकलेलीं छिद्रें चौकटीच्या कागदावर पुन्हां मांडून मूळ रांगा सिद्ध केल्या. हीच त्यांची पाठशुद्धि. महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुण्यास १९१९ पासून १९६६ पर्यंत ज्या न्यायानें सिद्ध झाली, त्याच न्यायाचें हें लहानसें उदाहरण मानण्यास हरकत नाहीं. बेल्जममधील शिक्षणपरंपरेंत विणींसाठीं रंगांची परिभाषा रूढ झाली : दाट विणीस जांभळा, विरळ विणीस हिरवा, पूर्ण टांक्यास तांबडा, आणि प्रत्येक रेषा म्हणजे एक जोडी. मुखोद्गत भाष्य यामुळें लेखनिविष्ट झालें. ‘ले पोम्पे’मधील आकृत्या विणून पाहण्याच्या कामीं सँटिना लेव्ही व पॅट्रिशिया पेन यांचा १९८३ चा ग्रंथ उपयोगी पडला. टॉमस लेस्टर या बेडफोर्डच्या व्यापाऱ्याचे नमुने तेथील संग्रहालयांत आहेत. त्यांचाही असाच अभ्यास झाला आहे.

विणून पाहण्यावांचून वाचन होत नाहीं, हें प्रस्तुत लेखकानें स्वतः अनुभविलें आहे. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळांत सुताराकडून चोवीस कांड्या करवून घेऊन, जाड कागदावर छिद्रांच्या दोन समांतर रांगा पाडून त्यानें प्रयोग केला. पहिल्या खेपेस टांचणीपाशीं जोडीस पीळ देण्याचें विसरल्यामुळें कड सैल पडली व सर्व उसवावें लागलें. मग त्याच छिद्रांवर प्रथम दाट व नंतर विरळ वीण केली. पहिलींत आडवी जोडी अखंड या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. दुसरींत त्या जोडींतला एकच धागा आडवा प्रवास करतो व त्याचा सोबती वाटेंत बदलत जातो. एक पट्टी मलमलीसारखी झाली, दुसरी माशांच्या जाळ्यासारखी. छिद्रें मात्र तींच होतीं. केवळ पट पाहून हा भेद कोणत्याही पंडितास सांगतां आला नसता.

६. ही कला आपल्या देशास अगदींच अपरिचित नाहीं. १८१९ सालीं त्रावणकोर संस्थानांत नागरकोविल येथें आलेल्या लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनीं मुलींच्या शाळेंत उशीवरील लेस शिकविण्यास आरंभ केला, व त्या भागांत हा हस्तोद्योग रुजला. तेथील जुने छिद्रपट कोणाच्या संग्रहीं आल्यास ते रद्दी म्हणून टाकूं नयेत, हें सांगणें अवश्य वाटतें.

परंतु या लेखाचा रोंख त्याहून जवळच्या गोष्टीकडे आहे. आपल्या दप्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत. त्यांस वाळवी लागूं नये म्हणून आपण कापडी रुमाल, पेट्या व औषधें यांची तजवीज करतों, आणि तें योग्यच आहे. तथापि शिकस्त मोडी सहज वाचणारा मनुष्य गेला म्हणजे त्याच्याबरोबर काय जातें याची नोंद कोणत्याही यादींत होत नाहीं. मोडींत अक्षर आहे म्हणून आपण निर्धास्त राहतों. पण न वाचतां येणारें अक्षर आणि टांचणीचें भोंक यांत फरक थोडाच. युरोपांतील छिद्रपट पुन्हां बोलूं लागले ते पगारी अधिकाऱ्यांच्या बरोबरीनें, किंबहुना त्यांहूनही अधिक, हौसेनें रोज घटकाभर कांड्या हालविणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांमुळें. आपल्यांतील प्रत्येक संग्राहकानें आपल्या संग्रहांतील एक रुमाल सोडून, एखाद्या होतकरू मुलास किंवा मुलीस शेजारीं बसवून, आठवड्यांतून एक दिवस तो मोठ्यानें वाचावा. संग्रह पाहावयास येणाऱ्यांस कागद दाखविण्यापेक्षां हें अधिक उपयोगाचें आहे, अशी प्रस्तुत लेखकाची नम्र सूचना आहे.