श्राव्यातीत तुषारांचा इतिहास

माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. या ध्वनीच्या साहाय्याने द्रवाचे धुके करणारी उपकरणे मुळात फवारणीसाठी शोधली गेलेली नव्हती; त्यांचे मूळ पाणबुड्यांच्या मागावर चाललेल्या युद्धकालीन संशोधनात आहे. क्वॉर्ट्झचा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हा दाबविद्युत परिणाम पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला आणि विद्युतदाब दिल्यास स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, ही त्याची उलट बाजू पुढच्याच वर्षी सिद्ध झाली. तिच्या आधारे पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाण्याखाली ध्वनी सोडणारे साधन तयार केले. त्या ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरतात, हेही तेव्हाच लक्षात आले होते.

या निरीक्षणाचा पाठपुरावा अमेरिकेत झाला. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड आणि वित्तव्यवसायात अमाप पैसा मिळवून तो विज्ञानावर खर्च करणारे आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळील टक्सेडो पार्क येथील लूमिस यांच्या खासगी प्रयोगशाळेत तेलात बुडवलेल्या क्वॉर्ट्झच्या चकतीला उच्च विद्युतदाबाने कंप पावायला लावले, तेव्हा तेलाचा पृष्ठभाग उंचवट्यासारखा वर उठून त्यातून थेंब उडू लागले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या दृश्याची नोंद आहे; मात्र उभयतांचे कुतूहल मुख्यतः पेशी आणि लहान प्राणी यांवरील परिणामांकडे वळलेले होते.

धुके का होते, यावर पुढे मतभेद झाले. कार्ल झोलनर यांनी १९३६ मध्ये द्रवात क्षणभर निर्माण होऊन कोसळणाऱ्या सूक्ष्म पोकळ्यांकडे बोट दाखवले. दुसरा पक्ष पृष्ठताणामुळे उमटणाऱ्या बारीक लहरींचा, म्हणजे केशिका तरंगांचा होता. या पक्षाची सामग्री खरे तर केव्हाचीच तयार होती, कारण कंप पावणाऱ्या द्रवावरील लहरींची वारंवारता मूळ कंपनाच्या निम्मी असते, हे मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्येच पाहिले होते. रॉबर्ट लँग यांनी १९६२ मध्ये मोजमापांवरून थेंबाचा व्यास लहरीच्या लांबीच्या सुमारे ०.३४ पट असतो, असे दाखवले. त्या हिशेबाने २०,००० कंपनांना पाण्याचा थेंब सुमारे ५६ मायक्रॉनचा, तर १७ लाख कंपनांना जेमतेम ३ मायक्रॉनचा, म्हणजे फुप्फुसात खोलवर पोहोचण्याइतका बारीक होतो. तरीही पोकळ्यांचा वाटा पूर्णपणे नाकारता आलेला नाही.

दाबविद्युत गुण असलेली कृत्रिम सिरॅमिक द्रव्ये उपलब्ध झाल्यावर, १९६० च्या दशकात, श्वासावाटे देण्यासाठी औषधाचे धुके करणारे श्राव्यातीत नेब्युलायझर रुग्णालयांत आले. ते आवाज फारसा करीत नसत आणि भरपूर धुके देत. परंतु कंपनांमुळे औषध तापे, त्यामुळे उष्णतेने बिघडणारी प्रथिने त्यांच्यात चालत नसत, शिवाय द्रवात न विरघळलेले औषधकण भांड्यातच मागे राहत. पुढे आलेल्या कंपनशील जाळीच्या नेब्युलायझरमध्ये स्फटिकाची जागा घेणारे सिरॅमिकच कंप पावते, परंतु औषध बारीक छिद्रांतून ढकलले जात असल्याने थेंबाचे आकारमान प्रामुख्याने छिद्र ठरवते.