छप्पर नसलेल्यांचं हसू

विषय ऐकून काहींनी आधीच विचारलं, की ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्यावर हसायचं कसं, आणि हसायचं तरी का? प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवातीलाच एक फरक करून घेऊ. बेघर माणसाला हसणं वेगळं आणि त्याच्या बाजूनं हसणं वेगळं. आज आपण दोन-चार उदाहरणं बघू आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारू: यात हसं कुणाचं होतंय?

नातेपुत्यात हा प्रश्न विचारायला कारण आहे. हे गाव रस्त्यावरचं. आषाढात माउलींची पालखी फलटण, बरड करत सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम इथं करते. हजारो माणसं राहुट्यांत, उघड्यावर झोपतात आणि आपण त्यांच्या पाया पडतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजूर माळशिरस तालुक्यात येतात. तेही पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने काढतात. त्यांच्या पाया कुणी पडत नाही. झोपायची जमीन तीच, बघणाऱ्याची नजर मात्र बदलते. व्यंगचित्रकार काम करतो ते या नजरेवर.

आता कागदावरचं उदाहरण घेऊ. आर. के. लक्ष्मण यांचं रोजचं छोटं व्यंगचित्र १९५१ साली सुरू झालं आणि त्यातला चौकड्याच्या कोटातला, धोतर नेसलेला म्हातारा पुढं देशभर ओळखीचा झाला. त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे. चंद्रावर पाठवायला माणूस हवाय, आणि या म्हाताऱ्याची शिफारस केली जातेय. का, तर तो अन्नाशिवाय, पाण्याशिवाय, उजेडाशिवाय, हवेशिवाय आणि निवाऱ्याशिवाय राहू शकतो! बघा, जे द्यायचं राहून गेलं त्याची ही यादी, पण ती पात्रता म्हणून वाचून दाखवली जाते. म्हातारा नेहमीसारखा गप्प. हसं होतं ते शिफारस करणाऱ्यांचं.

सगळी चित्रं अशी नसतात. भिकाऱ्यावरचे विनोद आपण सगळ्यांनीच वाचलेत. त्यात भिकारी लबाड असतो, त्याच्याकडं आपल्यापेक्षा जास्त पैसे साठलेले असतात. असा विनोद वाचला की बरं वाटतं, कारण खिशात हात घालायची गरज उरत नाही. हसूही कधीकधी सोय म्हणून वापरलं जातं.

लक्ष्मण ज्या मुंबईत चित्रं काढत होते तिथलाच पुढचा प्रसंग. १९७२च्या दुष्काळात घाटावरची कितीतरी कुटुंबं गाव सोडून शहरांकडं गेली. जागा मिळेल तिथं, पदपथावरही, संसार मांडले गेले. जुलै १९८१मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं मान्य केलं. त्याच निकालानं झोपड्या हटवायलाही वाट मोकळी ठेवली. म्हणजे हक्क मिळाला, जागा काही मिळाली नाही. लक्ष्मण यांच्या म्हाताऱ्याला यात नवल वाटलं नसतं.

पण मंडळी, लक्ष्मण यांना घर होतं. घर नसलेल्या माणसानं स्वतः केलेलं व्यंगचित्र कुठं सापडेल? त्यासाठी कागद सोडून दारात यावं लागेल. आपल्याकडं बहुरूपी यायचा. काही भागांत त्याला रायरंद म्हणतात. खाकी कपडे, शिट्टी, हातात वही. घरधन्याला दरडावायचा, भलतेच गुन्हे लावायचा, आता चला चौकीत म्हणायचा. नाहीतर लग्नाचं आमंत्रण द्यायचा आणि पंगतीत असे पदार्थ सांगायचा की ऐकणाऱ्याची मुरकुंडी वळावी. मग पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी.

यात हसं कुणाचं झालं? खाकीचं. आणि करत कोण होतं, तर पालात राहणारा माणूस. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला. भटक्याला पोलिसाचं भय काय असतं, हे वेगळं सांगायला नको. ज्याचं भय वाटतं त्याचंच सोंग घ्यायचं आणि गावाला हसवायचं, याला आम्ही व्यंगचित्रच म्हणतो. फक्त ते रेषेऐवजी अंगानं काढलेलं असतं.

ही कला पसाभर धान्यावर चालायची. घरात दाणा नसेल तर सोंगाला दाणा कुठून येणार? मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. देणारे हातच खडी फोडत होते.

कायद्यानंही आपला वाटा उचलला. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं अशा निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे मागितले, तरी ती भीकच. तेव्हा खोटा पोलीस होऊन हसवणाऱ्याला खरा पोलीस धरून नेऊ शकतो. असं चित्र कुणी काढलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

आणि आता जिथं हसू थांबतं ते सांगितलंच पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, आणि भिक्षा मागायला गेलेले. ते बहुरूपी नव्हते, हे खरं. पण दारात आलेला अनोळखी भटका कोण आहे, हे ओळखायची जी सवय गावाला होती, तिच्याच आधारावर दोघंही जगत होते. पूर्वी दारात खोटा पोलीस आला तरी माणसं हसायची, कारण हा कोण ते त्यांना माहीत असायचं. ओळख गेली की त्याच माणसाची भीती वाटायला लागते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. हलाखीच्या दिवसांत विनोद करू नये, असं नाही. हलाखीतल्या माणसांनीच आपल्याकडं तो केला, आणि आपल्याला हसवून पोट भरलं. आज मोबाईलवर गरिबाचं एखादं चित्र येतं, आपण हसतो आणि पुढं पाठवतो. पाठवण्याआधी तोच प्रश्न विचारा: हसं त्याचं होतंय, की त्याच्यावर ही वेळ आणणाऱ्यांचं?

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी लहानपणी दारात बहुरूपी पाहिलाय त्यांनी आधी बोलावं. तो काय बोलायचा ते शब्द आठवत असतील तर तेच ऐकवा.