रक्तातच अडकलेल्या पेशी

डांग्या खोकला झालेल्या तान्ह्या बाळाचा रक्ताचा रिपोर्ट पाहून नवखा डॉक्टर दचकतो. मोठ्या माणसात पांढऱ्या पेशी साधारण 4 ते 11 हजार असतात. इथे त्या कधी कधी लाखाच्या वर जातात. रक्ताचा कॅन्सर तर नाही ना, अशीही शंका येते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच नोंदली गेली होती. 1906 मध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी या रोगाचा जंतूही शोधला. पण एवढ्या पेशी रक्तात का साचतात, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. आणि उत्तर आलं ते भलत्याच वाटेनं.

अमेरिकेत मार्टिन रॉडबेल वेगळ्याच कोड्यात अडकले होते. हार्मोन पेशीच्या बाहेर राहतं, काम मात्र आत सुरू होतं. मग निरोप पोचवतं कोण? 1970च्या सुमारास त्यांना दिसलं, की त्यासाठी जीटीपी नावाचा रेणू लागतो. तो पकडणारं प्रथिन आल्फ्रेड गिलमन यांच्या गटानं वेगळं काढलं. हेच जी-प्रोटीन. दोघांना 1994चं नोबेल मिळालं.

तिकडे जपानमध्ये मिचिओ उई आणि तोशिआकी कातादा यांना खोकल्याशी काही देणंघेणं नव्हतं. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष टोचलं की उंदरांत इन्सुलिन जास्त स्रवतं, एवढंच त्यांचं कुतूहल. त्या विषाचा माग काढताना 1982 मध्ये ते एका प्रथिनापाशी पोचले. विष त्याला एक रासायनिक शेपूट चिकटवून निकामी करत होतं. ते प्रथिन म्हणजे जी-प्रोटीनचाच एक भाऊबंद, 'जीआय'.

पांढरी पेशी रसायनाच्या वासावर चालते. वास पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला लागला, की आतल्या जीआयचे दोन तुकडे होतात. त्यातला बीटा-गॅमा तुकडा पीआय-थ्री-कायनेज गॅमा आणि पी-रेक्स-वन यांना जागं करतो. ते रॅक नावाच्या चिमुकल्या प्रथिनाला चालू करतात. रॅकमुळे ॲक्टिनच्या धाग्यांना फांद्या फुटतात, पेशीची पुढची कड रेटली जाते आणि पेशी सरकते. रॅक हे करतं, हे ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी लंडनमध्ये 1992 साली दाखवलं. पी-रेक्स-वन तर 2002 मध्ये सापडलं. साखळीची कडी कडी अशी सुटी सुटी हाती लागत गेली.

विष पहिल्याच कडीवर घाव घालतं. पेशी मरत नाही. तिला फक्त रक्तातून लसिकाग्रंथीत शिरता येत नाही. दादरचा पूल बंद झाल्यावर प्लॅटफॉर्मवर गर्दी तुंबते, तसंच.

बाळाच्या बाबतीत ही गर्दी जीवघेणी ठरते. फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हृदयाला रक्त पुढे ढकलणं जड जातं. अँटिबायोटिक जंतूला मारतं, आधीच पेशीत शिरलेल्या विषाचं काही करू शकत नाही. म्हणून काही ठिकाणी डॉक्टर बाळाचं रक्तच थोडं थोडं बदलतात. आपल्याकडे या रोगाविरुद्धच्या लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो. त्याआधीच्या दिवसांत बाळाची भिस्त आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर. जपाननं 1981 मध्ये वापरात आणलेल्या नव्या लसीत हेच विष निष्प्रभ करून घातलं होतं.

आणि तेच विष आज प्रयोगशाळांत बाटलीतून विकत मिळतं. एखादी पेशी कशाच्या जोरावर चालते हे पाहायचं असेल, तर आधी त्याचे थेंब टाकतात. ती थांबली, तर संशयित जीआय.