अहमदाबाद प्रयोग

कापड गिरणीतील स्वयंव्यवस्थापित कामगार गटांचा भारतातील एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील समाजशास्त्रज्ञ ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत तो सुरू केला. गौतम साराभाई यांच्या व्यवस्थापनाने त्याला पाठबळ दिले.

गिरणीत स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढले नव्हते. विणणे, तुटलेले धागे जोडणे, बॉबिन भरणे, तेलपाणी, झाडलोट अशी कामे बारा प्रकारांत विभागलेली होती. प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगवेगळी असल्याने एका मागाची जबाबदारी कोणा एका संचाकडे नव्हती. राइस यांनी ठराविक मागांसाठी एक छोटा गट अशी रचना सुचवली. कामगारांनी ती उत्साहाने स्वीकारली आणि आपले गट स्वतःच जुळवले. पुढे उत्पादकता वाढली, सदोष कापडाचे प्रमाण घटले.

राइस यांचा यावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक एरिक मिलर यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुरावा-अभ्यासात मात्र काही विभागांतील गटपद्धती क्षीण झालेली आढळली. नव्या यंत्राइतकेच कामाच्या रचनेला व कामगारांवरील विश्वासाला महत्त्व आहे, हे या प्रयोगाने औद्योगिकीकरणाच्या उंबरठ्यावरील देशात दाखवून दिले.