सांगोल्याचे आबा

आमच्या सांगोल्यात ‘आमदार’ म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावंच लागायचं नाही. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात आले ते वकिली करायला, आणि 1962 साली शेतकरी कामगार पक्षातर्फे इथूनच निवडून आले. एकूण अकरा वेळा! मंत्रिपद 1978 ला मिळालं, 1999 ला पुन्हा मिळालं. पण त्याचं कौतुक गावात फारसं कुणी केलं नाही.

कौतुक होतं ते एसटीचं. मुंबईच्या गाडीत आबा बसलेले असत. पांढरा सदरा, मांडीवर कागदांची पिशवी, आणि शेजारच्याशी बोलणं एकच : कालव्याचं पाणी कुठवर आलं? माण नदीकाठचा हा तालुका कायमचा दुष्काळी. माझ्या वडिलांची डाळिंबाची बाग टँकरनं जगवलेली, त्यामुळं टेंभू आणि म्हैसाळ या पाणी योजनांची नावं आमच्या घरात देवाच्या आधी घेतली जात.

आबा हरलेही. 1972 ला हरले नि 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. 1995 ला तर 192 मतांनी गेले. पक्ष मात्र बदलला नाही. लाल बावटा राज्यभर आक्रसत गेला तरी हा माणूस तिथंच! हट्ट म्हणा हवं तर. मी त्याला इमान म्हणतो.

2019 ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. 30 जुलै 2021 ला सोलापुरात गेले.