औद्योगिक तापमान नियंत्रणातील संवेदकदोष व भूयोजन
भट्टीचे तापमान ठराविक मूल्याला स्थिर राखणारा नियंत्रक हा संवेदकाकडून येणाऱ्या सूक्ष्म विद्युत् संकेतावर अवलंबून असतो. संकेत चुकीचा असल्यास नियंत्रक स्वतः निर्दोष असूनही भट्टी चुकीच्या तापमानाला जाते. असे दोष बहुधा मापनाच्या तत्त्वात नसून द्रव्य, बांधणी व जोडणी यांत असतात, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास आली आहे.

दोन भिन्न धातूंच्या मंडलातील सांध्यांची तापमाने वेगळी असल्यास विद्युत् परिणाम घडतो, असे टोमास योहान झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले. या तत्त्वावरील तपयुग्माचा उच्च तापमान मोजण्यासाठी उपयोग करण्याची कल्पना लवकरच पुढे आली परंतु वाचनांत एकवाक्यता नसल्याने ती मागे पडली. तारांचे द्रव्य एकसारखे नसणे हे विसंगतीचे एक प्रमुख कारण असल्याचे आंरी ल्वी ल शातल्ये यांनी दाखविले आणि १८८६ मध्ये प्लॅटिनम व १०% ऱ्होडियमयुक्त प्लॅटिनम यांचे भरवशाचे तपयुग्म प्रचारात आणले.

रोध तापमापकाचा इतिहासही असाच आहे. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये प्लॅटिनमच्या तारेच्या विद्युत् रोधावरून तापमान मोजण्याची पद्धत मांडली. तथापि वारंवार तापविल्यावर तारेचा रोध बदलतो, असे ब्रिटिश असोसिएशनच्या समितीस १८७४ मध्ये आढळले. ह्यू लाँगबर्न कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये सिद्ध केले की, तार शुद्ध, ताणरहित व दूषित होण्यापासून सुरक्षित असल्यास तिचा रोध स्थिर राहतो. जोडतारांच्या रोधाने होणारी चूक टाळण्यासाठी त्यांनी तशीच दुसरी जोडी मापन मंडलात घातली. आजची तीन व चार तारांची जोडणी याच हेतूने केली जाते.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रसारानंतर भूयोजनाचा (अर्थिंगचा) प्रश्न महत्त्वाचा ठरला. क्रोमेल-ॲल्युमेल तपयुग्माचा दाब दर अंश सेल्सिअसला सु. ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच बदलतो. त्यामुळे १ मिलिव्होल्टच्या बाह्य दाबानेही सु. २५° से. चूक होते. सांधा धातूच्या आवरणास वितळजोड केलेला असून नियंत्रकाचे टोकही दुसरीकडे जमिनीस जोडलेले असल्यास, त्या दोन ठिकाणांच्या विभवांतरामुळे तारेतून प्रवाह वाहतो व मूळ संकेतात भर पडते किंवा घट होते. निरोधित सांधा वापरल्यास हे टळते परंतु आवरणातील मॅग्नेशियम ऑक्साइडाचा निरोधक गुण उच्च तापमानास कमी होतो. म्हणून भट्टी थंड असताना न दिसणारा दोष ती तापल्यावर प्रकट होऊ शकतो.

दोष शोधताना प्रथम संवेदक सोडवून नियंत्रकाची आदान टोके तांब्याच्या तुकड्याने जोडतात. नियंत्रकाने टोकांजवळील तापमान दाखविल्यास दोष बाहेर असण्याचा संभव अधिक. त्यानंतर सोडविलेल्या संवेदकाची तार व आवरण यांमधील निरोधन तपासतात. तापक बंद करताच वाचन एकदम बदलल्यास ती विद्युत् बाधा होय, कारण तापलेली भट्टी क्षणात थंड होत नाही. मंडल एकाच ठिकाणी जमिनीस जोडणे, पिळलेल्या तारा वापरणे, त्या विद्युत् पुरवठ्याच्या केबलींपासून दूर ठेवणे व निरोधित आदान असलेला नियंत्रक घेणे हे मुख्य उपाय होत.

तपयुग्म तुटल्यास वाचन कमाल मूल्यावर जाऊन तापक बंद व्हावा, अशी सोय पुष्कळ नियंत्रकांत असते. मात्र तारा वाटेतच एकमेकींना चिकटल्यास तेथे नवा सांधा बनतो. नियंत्रक तेथील कमी तापमान वाचतो व भट्टी अधिकाधिक तापवीत राहतो. या दोषाची सूचना वरील सोयीने मिळत नाही. म्हणून धोकादायक भट्ट्यांत स्वतंत्र संवेदक असलेला व तापकाचा पुरवठा स्वतःच तोडणारा तापमर्यादक बसविणे आवश्यक असते.