सुकी मासळी

सुकी मासळी : ऊन व वारा यांच्या, आणि काही प्रकारांत मिठाच्याही, साहाय्याने जलांश कमी करून टिकविलेली मासळी. कोळी-आगरी बोलींत तिला ‘सुकं म्हावरं’ म्हणतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या, सोडे व खारा बांगडा हे तिचे महाराष्ट्रातील मुख्य प्रकार होत. किनारपट्टीवरील व देशावरील अनेक समाजांचे हे नित्याचे अन्न आहे. तथापि ज्यांच्या घरी ते शिजत नाही, त्यांना त्याचा वास बहुधा असह्य वाटतो. एकाच पदार्थाविषयी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत इतका टोकाचा मतभेद मराठी आहारात अन्यत्र क्वचितच आढळतो. हा मतभेद केवळ नाकाचा नाही. त्याला वस्ती, व्यवसाय व जात यांचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत त्या इतिहासाचा, विशेषतः ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील सानपाडा (नवी मुंबई) व आसपासच्या गावांच्या संदर्भात, परामर्श घेतला आहे.

प्रकार व प्रक्रिया : सुकविण्याच्या पद्धती दोन : बिनमिठाची व खारवण्याची. बोंबील (हार्पाडॉन नेहेरियस) हा मासा अत्यंत मऊ असून त्याच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सुमारे ८५ ते ९० टक्के असते. पकडल्यावर तो फार काळ टिकत नाही. म्हणून तो वाळविणे हा त्यावरील स्वाभाविक उपाय ठरला. बोंबील डोल जाळ्यात पकडतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरांवर, टांगतात. कोरडे ऊन व वारा असल्यास काही दिवसांत ते कडक होतात. जवळा (ॲसिटीस इंडिकस) हा कोळंबीसारखा बारीक प्राणी असून तो खळ्यात पसरून वाळवितात. वाळलेल्या जवळ्यालाच सामान्यतः ‘सुकट’ म्हणतात. कोळंबी सोलून वाळविली की तिचे सोडे होतात. सुक्या मासळीत सोडे सर्वांत महाग. बांगडा, सुरमई यांसारखी मेदयुक्त वा मांसल मासळी मात्र चिरून व मीठ भरून वाळवावी लागते [→ मत्स्योद्योग].

वास व चव : समुद्री मासळीच्या स्नायूंत ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड हे संयुग असते. त्याला स्वतःचा वास नसतो. पण मासा मेल्यानंतर सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्याचे ट्रायमिथिल अमाइनमध्ये रूपांतर होते व ‘वशाट’ म्हणून ओळखला जाणारा दर्प उत्पन्न होतो. वाळविताना मेदाचे ऑक्सिडीभवन होऊन त्या दर्पात भर पडते. त्याच वेळी जलांश निघून गेल्याने ग्लुटामेट व इनोसिनेट ही रुचिवर्धक द्रव्ये एकवटतात आणि ताज्या मासळीत नसलेली गाढ चव येते. वास व चव ही अशा रीतीने एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. नवख्याला हा दर्प कुजल्याचा वाटतो. वस्तुतः नीट वाळलेल्या मासळीत कुजविणाऱ्या जंतूंची वाढ थांबलेली असते. पोषणाच्या दृष्टीने सुका बोंबील हे उत्तम अन्न असून त्यात वजनाच्या सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. कॅल्शियमाचे प्रमाणही पुष्कळ असते.

इतिहास : सुकी मासळी खाणाऱ्यांविषयी परक्यांनी आश्चर्य व्यक्त करण्याची परंपरा जुनी आहे. इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधू नदीच्या मुखापासून पश्चिमेकडे जाणाऱ्या निआर्कसच्या ग्रीक आरमाराला मकरान किनाऱ्यावर ‘मत्स्यभक्षक’ लोक भेटले. ते उन्हात वाळविलेल्या मासळीचे पीठ करून त्याच्या भाकरी करीत आणि त्यांच्या मेंढ्यांच्या मांसालाही मासळीची चव येई, असा वृत्तांत ॲरियनने दिला आहे. धान्य न पिकणाऱ्या किनाऱ्यावर हेच पीठ धान्याचे काम करीत होते; ग्रीकांना मात्र ते रानटीपणाचे लक्षण वाटले.

महाराष्ट्रात बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोदाचे व मासळीच्या पाककृतींचे वर्णन आहे. मासळी राजमान्य होती, असे त्यावरून दिसते. सुक्या मासळीचा दर्जा याहून वेगळा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर हा १६७२ ते १६८१ या काळात पूर्वेकडे होता. त्याचा प्रवासवृत्तांत १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. माझगाव हे बोंबलासाठी नावाजलेले कोळीगाव असून गरीब लोक बोंबील, जाडाभरडा तांदूळ व ताडी यांवर गुजराण करतात, अशी नोंद त्याने केली आहे. बोंबील व दारिद्र्य यांची जी जोडी पुढे रूढ झाली, ती या नोंदीत स्पष्ट दिसते.

इंग्रजांनी या माशाला ‘बॉम्बे डक’ असे नाव दिले. मुंबईहून जाणाऱ्या डाकगाडीला सुक्या बोंबलांचा वास येई, म्हणून ‘बॉम्बे डाक’ व त्यावरून ‘डक’, ही उपपत्ती लोकप्रिय आहे. पण ती टिकत नाही. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि ‘डक’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वापरात होती. मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनाच त्या काळी ‘डक्स’ म्हणत. हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशाने त्या टोपणनावाचा संबंध बोंबलाशी जोडला आहे. ज्या अन्नाची थट्टा करायची त्याच अन्नावरून खाणाराला नाव द्यायचे, हा प्रघात या उदाहरणात सत्ताधाऱ्यांनाही लागू झाला, हे लक्षणीय आहे.

सुक्या मासळीने किनारा केव्हाच ओलांडला होता. घाटमार्गांनी मीठ व मासळी देशावर जाई आणि तेथील धान्य खाली येई. पुणे, सातारा, नगर या भागांतील आठवडे बाजारांत सुकट व बोंबील आजही मिळतात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी हे कष्टकरी समाजांचे स्वस्त व पौष्टिक अन्न होय. मिठावर ब्रिटिश अमदानीत असलेला कर १९४७ मध्ये रद्द झाला; तोपर्यंत खारवलेल्या मासळीला त्याची झळ लागे. बिनमिठाचे बोंबील व जवळा यांना ती थेट लागत नसे. ज्यांना दुसरे प्रथिनयुक्त अन्न परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत हे दोन प्रकार पोहोचले याचे स्वस्ताई हे मुख्य कारण होते.

आहारातील स्थान : पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने मासेमारी बंद राहते. राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. परंपरेने नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा समुद्रात जातात. या खंडासाठी मे महिन्यात करून ठेवण्याच्या साठवणीला कोळी-आगरी समाजांत ‘आगोट’ म्हणतात. तांदूळ, मसाला, पापड, लाकूडफाटा यांच्या बरोबरीने सुक्या मासळीला आगोटीत मानाचे स्थान असते. भाजून ठेचलेला बोंबील, वांगे-बटाट्यातील सुके बोंबील, कैरी घातलेले सुकटीचे कालवण, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी हा पावसाळी आहार होय. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात सोड्यांची खिचडी पाहुण्यासाठी केली जाते. त्यामुळे सुकी मासळी हे सर्वत्र गरिबीचे अन्न आहे, हा समज अपुरा ठरतो. सोडे आणि सुकट हे जवळचे नातलग असले, तरी त्यांच्या प्रतिष्ठेत मोठे अंतर आहे.

ठाणे खाडी व सानपाडा : ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील वाशी, तुर्भे, सानपाडा, जुईनगर, नेरूळ या पट्ट्यात आगरी-कोळी वस्तीची गावे होती. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी ही त्यांच्या उपजीविकेची साधने. ‘आगरी’ हे नावही सामान्यतः ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. ओहोटीच्या वेळी चिखलातून चिंबोऱ्या, कालवे व निवट्या मिळत. चिखलावर उड्या मारणारा व हवेत श्वसन करू शकणारा निवटी हा मासा बाहेरच्यांना विलक्षण वाटतो. स्थानिक लोक मात्र तो आवडीने खातात. निवटी ताजीच खावी लागते. बोंबील व जवळा वाळवून ठेवता येतात. हा फरक पुढील काळात महत्त्वाचा ठरला.

मार्च १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नव्या शहराची आखणी सुरू झाली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा त्याआधीच आकार घेत होता. १९७३ मध्ये खाडीवरील पहिला वाशी पूल खुला झाला. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतरच्या काळात प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना आली. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाला व पुढील वर्षी तो सानपाड्यावरून बेलापूरपर्यंत वाढविण्यात आला. भातखाचरांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि मूळ गाव शहरातील एक गावठाण बनले.

या बदलाचे परिणाम खाडीवर व ताटावर एकदमच झाले. भराव, सांडपाणी व औद्योगिक उत्सर्ग यांमुळे खाडीतील मासळी घटली. मासळी वाळविण्यास लागणारी मोकळी जागा राहिली नाही. चिखलाबरोबर निवटी दुर्मीळ झाली. सुकी मासळी मात्र टिकली, कारण ती दुरून आणता येते. करंजा, वसई, सातपाटी येथील माल उरण, पनवेल व मुंबईतील मरोळ येथील बाजारांतून या वस्त्यांपर्यंत येतो. धंदा गेला तरी रुची राहिली, असे या गावांविषयी म्हणता येईल. आगोटीची साठवण आता स्वतःच्या वलांडीवरून येत नाही, विकत घेतली जाते. ती भरण्याची रीत मात्र चालू आहे.

मतभेदाचे स्वरूप : गावात घरे सुटी असत व शेजारी तेच अन्न खात, वासाची तक्रार उद्भवण्याचे कारण नव्हते. नव्या शहरात भिन्न प्रांतांचे व आहारांचे लोक एकाच जिन्याने जाऊ-येऊ लागले. बोंबील भाजल्यावरून वाद होणे, भाडेकरू निवडताना आहाराची चौकशी करणे, हे प्रकार मुंबई व नवी मुंबई या दोन्ही शहरांत परिचित आहेत. असे वाद जगात अन्यत्रही आहेत. रोमन लोकांत मासळी आंबवून केलेले ‘गारम’ स्वयंपाकाचा आधार होते, तरी सेनेकाने त्याची निर्भर्त्सना केली. बंगालमध्ये ‘शुटकी’ ही पूर्व बंगालच्या लोकांची आवड मानली जाते व पश्चिमेकडील अनेकांना ती नकोशी वाटते. स्वीडनमधील आंबविलेल्या हेरिंगचा डबा घराबाहेर उघडण्याचा रिवाज आहे. या उदाहरणांत आणि सानपाड्याच्या उदाहरणात एक भेद आहे : येथे वासाचा आक्षेप घेणारा नंतर आलेला आहे आणि ज्याच्यावर तो घेतला जातो, त्याच्या जमिनीवर ते घर उभे आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शेजारधर्माचा राहत नाही.

आक्षेपांपैकी काही मात्र विचारार्ह आहेत. जमिनीवर वाळविलेल्या मालात वाळू येते, माश्या बसतात व अपुऱ्या वाळलेल्या मालाला बुरशी धरते. उंच मांडव व सौर शुष्ककयंत्रे यांनी हे दोष टाळता येतात. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने (स्थापना १९५७) या दिशेने काम केले आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात यूरोपीय आयोगाच्या नियमांमुळे ब्रिटनमधील सुक्या बोंबलांची आयात थांबली, कारण मान्यताप्राप्त कारखान्यांतून आलेल्या मासळीलाच तेथे प्रवेश होता. बोंबलाच्या चाहत्यांनी तेथे मोहीम चालविली आणि मान्यताप्राप्त केंद्रात आवेष्टन करण्याच्या अटीवर उघड्यावर वाळविलेला बोंबील पुन्हा स्वीकारला गेला. स्वच्छतेचा आग्रह धरूनही मूळ पद्धत राखता येते, हे यावरून दिसते.

समारोप : सुक्या मासळीचा दर्प ही किनाऱ्यावरील माणसाने पावसाळ्यातील उपासमारीवर शोधलेल्या उपायाची खूण आहे. तो कोणाला आवडावा असा आग्रह धरता येणार नाही. रुची सवयीने घडते. परंतु अन्नाची नावड व अन्न खाणाऱ्याची अवहेलना या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि फ्रायरच्या काळापासून त्यांची गल्लत होत आली आहे. सानपाड्यासारख्या गावांत शेती, मिठागरे व खाडी यांचा वारसा फारसा उरलेला नाही. जो उरला आहे, त्यात आगोटीच्या डब्यातील बोंबील व सुकट यांची गणना करावी लागते.